फडक्याखालची तीन बोटं

माझ्या साडूने मला फसवलं, आणि तेही भरल्या खोलीत, आमच्याच बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यातल्या एकानेही माझ्या बाजूने तोंड उघडलं नाही. त्याने पत्त्यांत फसवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पोकर फसवण्याचाच खेळ आहे, आणि त्या दिवशी मीही त्याला दोनदा फसवून त्याच्या पैशांच्या चकत्या ओढल्या होत्या. त्याने मला बोटांनी फसवलं. हे कळायला आमचा धंदा माहीत हवा, म्हणून आधी तो सांगतो.

मी म्हशींचा व्यापारी. मूळ गाव पाथर्डीकडचं. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा मी कारखान्याच्या तळावर टोळीचे बैल राखायचो. जनावर वाचायला तिथेच शिकलो. पुढे एका व्यापाऱ्याच्या म्हशी धुऊन, शिंगांना तेल लावून बाजारात उभ्या करायच्या कामाला लागलो. मग एक म्हैस स्वतःची झाली, मग जुना टेम्पो आला, आणि आज शिंगणापूरच्या अंगाला भरणाऱ्या आमच्या बाजारात माझी स्वतःची दावण आहे. मला तिथे कोणी हाताला धरून बसवलं नाही. भांडून बसलो.

आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल नाहीतर उपरणं टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. वरून तोंडाने काहीही चालतं. ‘घरची म्हैस हाय, लेकीसारखी वाढवली.’ ‘हिचं दूध पिऊन आमचं म्हातारं पुन्हा सायकल चालवाया लागलं.’ आईची शपथ, शनिदेवाची शपथ. त्या बोलण्याला कोणी धरत नाही, ते बोलणं नसलं तर उलट बाजार मेल्यासारखा वाटेल. पण फडक्याखाली बोटं खोटं बोलत नाहीत. एकदा दाबलं म्हणजे विचार चाललाय, दोनदा दाबलं म्हणजे शब्द पक्का. त्याला कागद नाही, साक्षीदार नाही. तरी तो शब्द फिरवलेला मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मला हे शिकवलं नानांनी. नाना म्हणजे आमच्या बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. त्यांनी माझा हात पहिल्यांदा फडक्याखाली घेतला तेव्हा म्हणाले होते, “तोंड तुझं हाय, त्याचं काय बी कर. बोटं बाजाराची हायेत.”

आता पोकर. तो आमच्यात मोबाईलवरून आला. हरियाणातून म्हशी आणायच्या तर गाडीत दिवसच्या दिवस बसावं लागतं. तीन पत्ती आम्हाला पाळण्यातूनच येते. कोणीतरी हा नवा खेळ उघडून दिला आणि मी वेडा झालो. इतकं काही मला कशाने झालं नव्हतं. कारण हा सगळा बाजारच होता! समोरच्याकडे काय आहे ते दिसत नाही, तो काय दाखवतो ते दिसतं, आणि त्यावरून आपण बोली लावायची. मग कायदा आला आणि मोबाईलवरचे पैशांचे खेळ बंद झाले. आम्ही समोरासमोर बसू लागलो, आणि त्यातूनच स्पर्धेची टूम निघाली. सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि जो जिंकेल त्याला गोव्याच्या बोटीवरच्या मोठ्या स्पर्धेत बसवायचं. दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला काही नाही. एकच जागा.

ती जागा मला हवी होती. गोव्याच्या त्या टेबलांचे व्हिडिओ मी टेम्पोत बसून इतक्यांदा पाहिले होते की तिथल्या खुर्च्यांचा रंगसुद्धा पाठ होता. मुंबई-दिल्लीचे लोक काळे चष्मे घालून बसतात, डोळे दिसू नयेत म्हणून. मी मनात म्हणायचो, बाबांनो, मी गळ्याच्या शिरेवरून माणूस ओळखतो, चष्मा कशाला लावता? मला एकदा त्यांच्या समोर बसायचं होतं. तिथे मला कोणी विचारणार नव्हतं की तुझा बाप कुठल्या टोळीत होता. माझ्यापुढच्या चकत्या किती, एवढंच विचारणार होते.

स्पर्धा झाली राहुरीच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या दूध संकलन केंद्रात. भिंतीला पांढऱ्या फरशा, मध्ये पाणी वाहून जायची नाली, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा आंबूस वास. सकाळी दोन टेबलं लागली. पानं वाटायला आणि पंच म्हणून नाना. ते स्वतः खेळत नाहीत, पण त्यांच्यासमोर आवाज चढवायची कोणाची टाप नाही.

मी त्या दिवशी असा खेळलो की काय सांगू! एकेकाला उठवत गेलो. हातात काही नसताना सगळं लावलं आणि समोरच्याने पानं टाकली. दोन राजे हातात असताना तोंड पाडून बसलो आणि एक शहाणा आपणहून गळाला लागला. जेवणाच्या सुट्टीत रस्सा वाढला तर दोन घासांत उठलो आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसलो. भीती नव्हती ती. पळायच्या आधी घोडं जसं खूर आपटतं तसं झालं होतं.

दुपार कलली तेव्हा टेबलावर दोघेच उरलो. मी आणि माझा साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोही म्हशींचाच व्यापारी, पण त्याची दावण त्याच्या बापाची. लग्नात मांडवात त्याची ओळख करून देताना ‘बाजारातलं मोठं घराणं’ म्हणाले होते आणि माझी ओळख ‘कष्टाळू मुलगा’ अशी करून दिली होती. मी विसरलेलो नाही. एरवी मी त्याला अहो-जाहो करतो, कारण नात्याने तो मोठा.

त्याच्यापुढे चकत्या माझ्यापेक्षा थोड्या जास्त होत्या. बाकी सगळे हरलेले गडी भोवती कोंडाळं करून उभे होते.

खेळ माहीत नसेल त्याच्यासाठी एवढंच सांगतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मध्ये पाच पानं उघडली जातात, ती दोघांचीही. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. सातांतून ज्याची पाच भारी तो जिंकला. आणि प्रत्येक टप्प्यावर बोली.

नानांनी पानं वाटली. मी कोपरा उचलून पाहिलं. बदाम एक्का आणि बदाम अठ्ठी. थोडी बोली झाली. मध्ये तीन पानं पडली: बदाम राजा, बदाम पंजी, किलवर गुलाम. मध्ये दोन बदाम, माझे दोन, झाले चार. आणखी एक बदाम पडला की पाचही एका रंगाची, त्याला आम्ही कलर म्हणतो. आणि माझ्याकडे एक्का असल्यामुळे माझ्यापेक्षा मोठा कलर कोणाचा होणं शक्य नाही. त्याने बोली लावली, मी जुळवली. चौथं पान आलं इस्पिक तिर्री. माझ्या कामाची नाही.

आणि माझ्या साडूने दोन्ही हातांनी आपला ढीग पुढे सारला. “सगळं.”

कोंडाळ्यातून हुंकार उठला. मी बोली जुळवली तर माझंही सगळं आत जाणार होतं. जिंकलो तर त्याच्याकडे नावाला उरणार, गोवा माझा. हरलो तर खुर्ची मागे सारून उठायचं.

आता बघा मी कुठे अडकलो होतो. माझा हात अजून झालेलाच नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर ही गाभण म्हैस. उद्या रेडी झाली तर सोनं, रेडा झाला तर पदरात काय? आणि भाव मात्र आजच द्यायचा. मी हिशेब घातला. न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यात बदाम नऊ. म्हणजे पाचांत एकदा मला पान लागणार. मध्ये जितकं पडलं होतं तितकंच त्याने लावलं होतं. म्हणजे एक घालून दोन उचलायचे. असा सौदा तीनांत एकदा जिंकता आला तरच परवडतो. माझा पाचांत एकदा. नुसत्या कलरच्या आशेवर ही म्हैस घेणं म्हणजे धंदा बुडवणं.

पण नुसत्या कलरचा प्रश्न नव्हता! त्याच्याकडे खरंच काही नसेल तर? मग माझा एक्का आजच भारी होता, पान लागो न लागो. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं: समोरच्या दावणीला जनावर आहे, की नुसता दोर बांधलाय?

मी त्याच्याकडे पाहिलं. आणि तो बोलायला लागला.

“लावा साडूभाऊ, लावा. लई गुणाची म्हैस हाय.”

“गप बसा.”

“गप कसा बसू? धार काढायची येळ झाली.”

लोक हसले. एकजण म्हणाला, “बादली आना रं कुनीतरी!”

“नाना, ह्यांना गप करा.”

“बोलायला बंदी न्हाई,” नाना म्हणाले. “तू तुजी पानं बघ.”

“घरात इचारून येता का?” साडू म्हणाला. “फोन लावून देऊ का धाकलीला?”

मला आतून उकळी फुटली, पण रागाची नव्हे. आनंदाची! कारण मला हा माणूस पाठ होता. ज्या म्हशीचं एक सड बंद असतं तिच्यापुढे हा असाच बोलतो. माल चोख असला की हा गप्प उभा राहून दात कोरतो. इतक्या वर्षांत यात मी कधी चुकलो नव्हतो. तो बोलत होता, म्हणजे त्याच्याकडे काही नव्हतं. माझा एक्का भारी होता, वर नऊ बदाम माझ्या बाजूचे. मी चकत्यांवर पंजा ठेवला. मला गोव्याचं पाणी दिसत होतं. ‘लावतो’ हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता, ओठ उघडले होते.

तेवढ्यात त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला.

खालून त्याने माझी बोटं धरली. त्याचा चेहरा एकदम बदलला. हसणं गेलं. हळू आवाजात म्हणाला, “कशाला जीव टांगनीला लावता? घरचं मानूस तुमी. खरं सांगतो.”

“अरं, सौदा चाललाय, सौदा!” कोणीतरी ओरडलं. शिट्टी वाजली.

फडक्याखाली त्याने माझी तीन बोटं धरली. दाबली. सोडली. पुन्हा तीच तीन धरली आणि पुन्हा दाबली.

तीन. म्हणजे तीन सारखी पानं, ट्रेल. आणि दोनदा दाबलं, म्हणजे शब्द पक्का.

वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण त्या क्षणी माझ्या मनात शंकेचा कणसुद्धा आला नाही. ते बोट धरणं माझ्या हाताला इतकं ओळखीचं होतं की मेंदूला विचारायची वेळच आली नाही. ज्या व्यवहारांतून मी माझी पहिली म्हैस घेतली, टेम्पो उभा केला, ते सगळे व्यवहार त्याच दोन दाबांवर झाले. माझे डोळे सांगत होते की हा खोटा आहे. बोटांनी सांगितलं की माल आहे. मी बोटांचं ऐकलं. आमच्या बाजारातला कोणीही माणूस बोटांचंच ऐकेल.

हिशेब एका झटक्यात फिरला. ट्रेल असेल तर माझा एक्का मातीमोल. वर बदाम गुलाम किंवा बदाम तिर्री आली तर माझा कलर होईल, पण मध्ये जोडी पडून त्याचं तीन-अधिक-दोन होईल, ते कलरहून मोठं. म्हणजे नऊ बदामांतली दोन पानं त्याचीच. उरली सात. असला भाव मी शेळीलाही दिला नसता.

मी टॉवेलखालून हात काढला आणि पानं उलटी सारली. “सोडली.”

मग साडूने आपली दोन पानं उचलली आणि एक एक करून टेबलावर आपटली. इस्पिक राणी. चौकट दश्शी. जोडी नाही, ट्रेल नाही, काही नाही. तोही माझ्यासारखा पुढच्या पानाची वाट बघणारा, एक्का नाहीतर नव्वी पडून सलग पाच होतील या आशेवर, आणि माझ्यापेक्षा हलका!

खोली फुटली. लोक एकमेकांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. कोणाच्या तरी हातातला चहा सांडला. “टावेल टाकून घेतला गड्याला! टावेल टाकून!”

मी उठलो तेव्हा खुर्ची मागे नालीत जाऊन पडली. मी त्याचा टॉवेल खेचला आणि अरे-तुरेवर आलो. “तीन धरलीस तू! दोनदा दाबलीस!”

“धरली की.”

“बोटं खोटं बोलली तुझी!”

“पत्ते हायेत हे, साडूभाऊ,” तो हसत म्हणाला. “म्हशी न्हाईत.”

“हात तोच हाय ना? का पत्त्याला येगळा हात आनतोस घरून?”

आता हसणं जरा कमी झालं. दोघा-तिघांनी खाली पाहिलं. मी नानांकडे वळलो. “नाना, तुमी शिकवलंत मला. तुमी सांगा. हे चालतं?”

नानांच्या हातात गड्डी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मधली पानं गोळा केली, गड्डीत मिसळली आणि म्हणाले, “डाव झाला. बस खाली.”

मी बसलो. नाना म्हणाले म्हणून बसलो, दुसऱ्या कोणाचं ऐकलं नसतं. पण माझ्या डोक्यात तेल पेटलं होतं, आणि पेटलेल्या डोक्याने हा खेळ होत नाही. उरलेल्या चकत्या थोड्याच डावांत गेल्या. शेवटी एक्का-नव्वीवर सगळं लावलं, त्याच्याकडे दोन दुर्र्या निघाल्या आणि त्या शेवटपर्यंत टिकल्या. ती हार रीतसर होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापत होती, थापतच राहिली. “पत्त्यात कोन खरं बोलतं?”

“पत्त्याचं न्हाई गं, बोटांचं.”

“मग हात कशाला दिला? दाजींना तुमी आज वळखता का?”

“हात दिला न्हाई, त्यानं धरला.”

“सोडवून घ्यायचा. आन् ह्यात माज्या भनीला मधी आनू नका.”

साडू गोव्याला जाऊन आला. पहिल्याच दिवशी बाहेर पडला म्हणे. त्याबद्दल मला आनंदही नाही आणि दुःखही नाही. पण आल्यावर तो गप्प बसला असता तर मीही कदाचित गिळलं असतं. त्याने बाजारातल्या चहाच्या टपरीवर तो किस्सा टॉवेल घेऊन, माझ्या आवाजाची नक्कल करत, माझे उघडे राहिलेले ओठ दाखवत सांगायला सुरुवात केली. जो येईल त्याला. ऐकणारे पोट धरून हसायचे आणि जाता जाता माझ्या दावणीकडे बघायचे.

मग एका बाजाराला तो माझ्या दावणीसमोर आला. माझ्याकडे एक मुऱ्हा म्हैस होती, दुसऱ्या वेताची, काळीभोर, कास अशी की बघणारा थबकेल. त्याला कोणा गिऱ्हाईकासाठी ती हवी होती. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले आणि गप्प उभा राहिला. बोलला नाही, म्हणजे म्हैस मनात भरली. मग टॉवेल काढून हात पुढे केला.

मी हात मागे घेतला.

“तोंडानं बोला,” मी म्हणालो.

“काय?”

“तोंडानं, मोठ्यानं. किती देता ते सगळ्यांना ऐकू येऊ द्या. ह्या बोटांवर माझा इश्वास न्हाई.”

आजूबाजूचे सौदे थांबले. शेजारच्या दावणीवर दोघांचे हात फडक्याखाली तसेच राहिले. आमच्या बाजारात याहून मोठी शिवी नाही. बापावरून बोललो असतो तर त्याने परत बापावरून बोलून भागवलं असतं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “येडे झालात का साडूभाऊ? हा बाजार हाय.”

“व्हय, बाजारच हाय. म्हनून म्हनतो.”

तो म्हैस न घेता गेला. माझं नुकसान झालं, पण हाताला जी खाज होती ती भागली. संध्याकाळी दावण सोडताना नाना आले. काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बाजार नासवू नगंस. ते पत्ते हुते. हे जनावर हाय.”

मी म्हणालो, “मग हेच त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं होतं, नाना. मला तेव्हा कळलं असतं.”

ते काठी उचलून निघून गेले. त्यांनी मला तसं सोडून जाणं मला आजपर्यंत लागलेल्या सगळ्या लाथांपेक्षा जास्त लागलं.

म्हणून नाना, वाचणारा कोणीही असो, हे तुम्हालाच लिहितोय. साडूला मी काय विचारू? तो म्हणेल खेळ होता, आणि पुन्हा टपरीवर जाऊन हसवेल. पंच तुम्ही होतात. टॉवेल माझ्या हातावर पडला तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, फडक्याखाली काय चालतं ते तुमच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणाला नाहीत. पत्त्यात बोटांना खोटं बोलायची मुभा आहे असं तुमचं म्हणणं असेल तर ती मुभा कुठपर्यंत आहे तेही सांगा. टेबलापर्यंत? टपरीपर्यंत? उद्या बैलाच्या सौद्यात कोणी तीन दाबून दोन दिले आणि म्हणाला मी खेळत होतो, तर त्याला काय म्हणायचं? आणि तशी मुभा नसेल तर तो डाव खोटा होता आणि ती जागा माझी होती, हे तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. येत्या बाजाराला, दावणीच्या मधोमध, साडूला शेजारी उभं करून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. निकाल द्यायचं काम तुमचं होतं, तो तुम्ही अजून दिलेला नाही. द्या.